वेढणं म्हणजे अंगठी नव्हे

आजी गेल्यावर तिच्या दागिन्यांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. वहीत मी लिहिलं, 'अंगठ्या – 4'. महिन्याभराने आत्या आणि मी सराफाच्या पेढीवर गेलो. तिथल्या मुलाने गुलाबी कागदाची पुडी तबकात उलटी केली, बोटाने तीन वस्तू एका बाजूला सरकवल्या आणि म्हणाला, "ही वेढणी आहेत काकू. अंगठी एकच आहे."

चारही गोल, चारही सोन्याच्या, चारही आजीच्या. मला त्यात काही फरक दिसला नव्हता. त्या मुलाला दिसायला दोन सेकंदही लागली नाहीत.

वेढण्याची खूण त्याच्या नावातच आहे. सोन्याची तार किंवा पट्टी घेऊन तिचा बोटाएवढा वेढा दिला की झालं वेढणं. कुणी त्याला वेढं म्हणतं, काही घरांत वळं. त्याची टोकं जोडलेली नसतात, एकमेकांवर नुसती सरकलेली असतात. दाबलं की लहान होतं, ताणलं की मोठं. खडा नाही, नक्षी नाही, सांधा जोडणारी डाक नाही. आतल्या बाजूला पेढीचा शिक्का आणि शुद्धतेचा आकडा असतो, बस. अंगठीचं कडं मात्र बहुधा बंद असतं. तिला माप लागतं, कारागिराचा हात लागतो, आणि माप चुकलं तर कापून, जोडून पुन्हा पॉलिश करावी लागते.

दिसण्यातला हा फरक आला आहे सोन्याच्या शुद्धतेतून. वेढणं चोख सोन्याचं, म्हणजे 24 कॅरेटचं असतं. शिक्क्यात 995 असेल तर हजार भागांत 995 भाग सोनं. असं सोनं इतकं मऊ की त्यात हिरा बसवला तर धरून ठेवणाऱ्या नख्या चार दिवसांत ढिल्या पडतील. म्हणून अंगठीच्या सोन्यात तांबं, चांदी मिसळतात. आपल्याकडची नेहमीची अंगठी 22 कॅरेटची, शिक्का 916. हिऱ्याची असेल तर बहुतेक वेळा 18 कॅरेटची, शिक्का 750. हिशेब करून बघा: 5 ग्रॅमच्या वेढण्यात 4.975 ग्रॅम शुद्ध सोनं असतं, 5 ग्रॅमच्या 22 कॅरेट अंगठीत 4.58, आणि 18 कॅरेटच्या अंगठीत खडा वगळून 5 ग्रॅम भरले तरी फक्त 3.75. काट्यावर तिन्ही सारखीच.

शिक्क्याचं बोलायचं तर, हॉलमार्कची सक्ती 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने आली, आणि 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून पडताळता येतो. 2 ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूंना या सक्तीतून सूट आहे, म्हणजे बारशाला दिली जाणारी एवढीशी अंगठी बिनशिक्क्याची निघाली तर लगेच सराफावर संशय घेऊ नका. पावती मात्र घ्या.

आता पैशांचं. वेढण्याला घडवायला फारसं काही नसतं, त्यामुळे मजुरी किरकोळ. अंगठीची घडणावळ नक्षीप्रमाणे, खड्याप्रमाणे चढत जाते, आणि ती त्याच दिवशी खर्ची पडते. पुढे अंगठी मोडीत घातलीत तर खड्याचं वजन वजा होतं, कस लावला जातो, घट धरली जाते आणि हातात येतं ते उरलेल्या सोन्याचं मोल. नक्षीचे पैसे कुणी परत देत नाही. वेढण्याच्या मोडीत वजा करण्याजोगं फार काही नसतंच. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा एखादा गुरुपुष्यामृत योग साधून लोक ग्रॅम-दोन ग्रॅमचं वेढणं घेतात ते यासाठीच. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला तबकात वेढणी मांडायचे. आजीची अंगठी त्या तबकात कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. ती तिच्या बोटात असायची, त्याच हाताने ती तबकात फुलं ठेवायची.

मला विचाराल तर या दोघींमधला खरा फरक कॅरेटचा नाही. वेढणं घेतानाच ते एक दिवस मोडायचं आहे हे ठरलेलं असतं, आणि मोडलं म्हणून कुणी रडत नाही. फी भरायची असते, छपरावर पत्रा घालायचा असतो, दवाखान्याचं बिल आलेलं असतं. वेढणं त्या दिवसाची वाट बघत डबीत बसतं. अंगठी न मोडण्याच्या बोलीवर घेतात. ही बोली कुणी उच्चारत नाही, पण साखरपुड्याला बोटात घातलेली अंगठी मोडायची वेळ आली की घरात दोन दिवस कुणी नीट बोलत नाही, ते त्या बोलीमुळे.

(साखरपुडा या नावात खरं तर साखरेचा पुडा आहे, अंगठी कुठेच नाही. तरी आज पुडा विसरला तर चालतं. अंगठी विसरली तर कुणाला तरी गाडी घेऊन परत घरी पिटाळतात.)

अंगठी हा शब्द अंगुष्ठाच्या, म्हणजे अंगठ्याच्या कुळातला. घालतात मात्र ती बहुतेक जण अनामिकेत, ज्या बोटाला नावच नाही अशा बोटात. त्या बिननावाच्या बोटाबद्दल एक जुना संस्कृत श्लोक आहे. कवींची मोजणी सुरू झाली, करंगळीवर पहिलं नाव आलं कालिदासाचं, पुढच्या बोटावर घ्यायला त्याच्या तोडीचा कुणी मिळेना, म्हणून ते बोट 'अनामिका' हे नाव सार्थ करत राहिलं. गंमत अशी की वेढणं आणि अंगठी यांतला फरक ज्याने सगळ्यात नेमका दाखवला तोही हाच कालिदास.

'शाकुंतला'तली अंगठी सगळ्यांना माहीत असते. दुष्यंताचं नाव कोरलेली, शचीतीर्थाच्या पाण्यात शकुंतलेच्या बोटातून निसटलेली, माशाच्या पोटात सापडलेली. पण सहाव्या अंकाच्या सुरुवातीचा कोळ्याचा प्रसंग आपण भराभरा ओलांडून जातो. रोहित मासा कापताना कोळ्याला ती मिळते, तो विकायला बाजारात नेतो आणि चोर समजून शिपाई त्याला पकडतात. अंगठी राजाकडे जाते. राजा कोळ्याला सोडून देतोच, वर अंगठीच्या किमतीएवढी रक्कम बक्षीस देतो. शिपायांचा वरिष्ठ नंतर म्हणतो, मोल रत्नाचं नसावं, ती पाहून महाराजांना कुणीतरी जिवाभावाचं माणूस आठवलं असावं. कोळी निम्मे पैसे शिपायांना देऊन टाकतो आणि सगळे मिळून दारूच्या दुकानाकडे वळतात.

वस्तू एकच. कोळ्याच्या हातात होती तोवर ती वेढणं होती: भाव किती, कोण घेईल, एवढाच प्रश्न. राजाच्या हातात गेल्यावर ती अंगठी झाली आणि तो सैरभैर झाला. कोळ्याला पूर्ण किंमत मिळाली, त्याच्यावर काही अन्याय झाला नाही. त्याला त्यात आठवायलाच काही नव्हतं.

म्हणूनच घोटाळा होतो तो बहुधा दुसऱ्या पिढीत. घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की आपण काय घेतो आहोत. वारसाला फक्त गोल सोनं दिसतं. एका ओळखीच्या घरी दिवाळसणाला जावयाला अंगठी म्हणून 5 ग्रॅमचं वेढणं दिलं. सासऱ्यांचा विचार शहाणपणाचा होता, अडीनडीला कामी येईल. जावयाने अंगठी समजून ते रोज घातलं. मोटरसायकलच्या मुठीवर दाबून ते सहा महिन्यांत अंड्याच्या आकाराचं झालं, मग एका बाजूने उघडलं आणि एके दिवशी बोटात नव्हतं. सासऱ्यांना गेलेल्या सोन्याचं वाईट वाटलं, जावयाला सासऱ्यांची भेट हरवल्याचं. दोघांच्या हरवलेल्या वस्तू वेगळ्या होत्या.

उलटाही प्रकार घडतो, तो अधिक वाईट. घाईगर्दीत सगळं एका पुडीत घालून मोडीला दिलं जातं, आणि आठवड्याने बहिणीचा फोन येतो, "त्यात आईची ती बारीक माणकाची होती का गं?" तोवर ती मुशीत वितळलेली असते. आटवलेल्या सोन्यातून अमक्याची अंगठी वेगळी काढता येत नाही.

आजीच्या तिन्ही वेढण्यांना कागदाची एकेक चिठ्ठी गुंडाळलेली होती. एकीवर 'थोरल्याची फी', दुसरीवर 'गच्ची गळते'. तिसरी कोरी. फी वेळेवर भरली गेली होती आणि गच्चीही कधीच दुरुस्त झाली होती, दोन्ही वेळा पैसे दुसरीकडून उभे राहिले असणार. आत्याने तिन्ही चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या आणि वेढणी काट्यावर ठेवायला सांगितलं. तिच्या नातीच्या कॉलेजची फी भरायची होती. 'थोरल्याची' नाही, पण फीच. मुलाने आकडा सांगितला, तिने एकदा भाव विचारला आणि मान हलवली.

मग त्याने अंगठी उचलली. ती मुळात आजोबांची होती, रुंद पट्टीची, मधे चौकोनी सपाट जागा आणि तिच्यावर एक अक्षर, झिजून अर्धं राहिलेलं. ते गेल्यावर आजीने ती घालायला सुरुवात केली. तिच्या बोटात ती फिरायची, म्हणून तळव्याच्या बाजूला तिने दोरा गुंडाळला होता, अगदी शिस्तीत, एकाला एक वेढे लावून. दोरा मूळचा पांढरा असावा. आता हळद आणि तेल पिऊन तपकिरी झाला होता, आणि कडेला कणकेचा एक सुकलेला कण अडकला होता.

मुलाने ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. "दोरा काढावा लागेल काकू. वजनात येतो."

"वजन नाही करायचंय तिचं."

"नुसतं बघायला हो. अंदाज यावा म्हणून."

"अंदाज आहे मला," आत्या म्हणाली आणि तबकातून अंगठी उचलून घेतली.

आत्याचं बोट आजीपेक्षा जाड आहे. दोरा काढला तर अंगठी तिला नेमकी बसेल, दोऱ्यासकट ती पेराच्या पुढे जात नाही. दोरा अजून आहे. अंगठी गुलाबी कागदात, तीन चिठ्ठ्यांबरोबर तिच्या कपाटात असते. माझ्या वहीतली ओळ मी खोडून नव्याने लिहिली: 'वेढणी – 3 (दिली). अंगठी – 1.'