काँक्रीटच्या भिंतीत वस्तू पक्की बसवणे

फळी, आरसा, पडद्याचा दांडा, टीव्ही अशा वस्तू घरातल्या काँक्रीटच्या भिंतीला न हलतील अशा जोडण्याचे काम. लाकडात स्क्रू आपली वाट स्वतः कापतो आणि तंतू त्याला घट्ट धरतात. काँक्रीटमध्ये धरायला असे काही नसते, म्हणून आधी भोक, भोकात प्लग (स्क्रूभोवती फुगणारी छोटी नळी) आणि प्लगमध्ये स्क्रू असा क्रम लागतो. स्क्रू आत शिरताना प्लग फुगून भोकाच्या कडांवर दाबला जातो. पकड येते ती या घर्षणातून.

काँक्रीट दाब सोसण्यात तगडे, ताण सोसण्यात मात्र दुबळे असते. त्याची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण एक दशांश भरते. त्यामुळे भिंतीच्या कडेला अगदी लागून प्लग फुगवला तर कोपराच फुटून येतो. साधा खिळा ठोकला तर तो वाकतो, नाहीतर भोवतीच्या गिलाव्याची खपली उडते.

पूर्वी छिन्नीने खळगा करून त्यात लाकडी ठोकळा बसवत आणि स्क्रू त्यात पिळत. लाकूड सुकून आकसले की सगळेच सैल होई. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास तागाच्या तंतूंचा प्लग तयार केला. ब्रिटिश म्युझियममधील विजेची उपकरणे भिंती फारशा न बिघडवता बसवायची होती, त्या कामातून तो सुचला. आजचा नायलॉनचा, बाजूंना चिरा असलेला प्लग जर्मन संशोधक आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये आणला.

या कामात सगळ्यात जास्त लक्ष भोकाकडे द्यावे. भिंतीवर बहुधा १२ ते २० मिमी जाडीचा गिलावा असतो. गिलाव्याला स्वतःची ताकद नसते, त्यामुळे त्याची जाडी हिशेबात धरूच नये. ३० मिमीचा प्लग भिंतीच्या पृष्ठभागाशी बसवला आणि गिलावा २० मिमी निघाला, तर काँक्रीटमध्ये उरला जेमतेम १० मिमी. अशी फळी पहिले काही महिने छान उभी राहते आणि नंतर गिलाव्यासकट खाली येते. प्लग पूर्णपणे काँक्रीटमध्ये जाईल इतके खोल भोक पाडावे, लांब स्क्रू घ्यावा आणि भोक प्लगच्या टोकापुढे सुमारे १० मिमी जास्त खोल ठेवावे. बिटला, म्हणजे ड्रिलच्या भोक पाडणाऱ्या दांड्याला, चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करता येते. भोकातून पडणारी भुकटीही बोलकी असते: राखाडी असेल तर काँक्रीट, लाल असेल तर विटा.

बिट टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचा हवा आणि तो प्लगच्याच मापाचा, ६ मिमीच्या प्लगला ६ मिमीचा. साध्या ड्रिलने काँक्रीट झिजतच नाही, बिट मात्र तापून बोथट होतो. फिरता फिरता ठोके मारणारा हॅमर ड्रिल घ्यावा. भोक झाल्यावर आतली भुकटी फुंकून किंवा ब्रशने काढावी. ती राहिली तर प्लग भिंतीला न टेकता भुकटीला टेकतो.

किती वजन पेलेल हे नुसत्या वजनावर ठरत नाही. फळीवर २० किलो सामान आहे आणि त्याचा भार भिंतीपासून १५ सेंमीवर पडतो असे धरू. ब्रॅकेट, म्हणजे फळी पेलणारा भिंतीवरचा आधार, खालच्या टोकावर टेकतो आणि वरचा स्क्रू उपसू पाहतो. तो स्क्रू त्या टोकापासून २० सेंमी वर असेल तर त्याच्यावर १५ किलोची ओढ येते. अंतर १० सेंमीच असेल तर ३० किलोची. म्हणून उंच ब्रॅकेट केव्हाही चांगला. टीव्हीचा पुढे ओढता येणारा हात याच कारणाने भिंतीवर जास्त ओढ टाकतो.

पाणी तापवायच्या टाकीसारख्या जड वस्तूंना धातूचे अँकर बोल्ट लावतात. कडेजवळ किंवा जिथे फुगण्याचा दाब नको असेल तिथे भोकात राळ भरून दांडा बसवण्याची रासायनिक पद्धत बरी. चिकटवायचे हुक हलक्या वस्तूंपुरतेच ठीक, कारण ते भिंतीला नव्हे, रंगाला चिकटलेले असतात.

बिट मध्येच अडला आणि टोकाशी धातू खणखणला तर ती सळई असते. जोर न लावता भोक बाजूला सरकवावे. स्विच आणि प्लग पॉइंटच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत वायरी असू शकतात, तिथे तर भोक पाडूच नये. काँक्रीटच्या धुळीत फुप्फुसांना घातक सिलिका असते, त्यामुळे मास्क आणि चष्मा आवश्यक.

भोक मोठे झाले तर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबून भागवू नये. पुढच्या मापाच्या बिटने ते नीट मोठे करावे आणि त्याच मापाचा प्लग व जाड स्क्रू बसवावा.