ट्रॅकसाठी ब्रेक पॅड: निवडायचे कसे, रुळवायचे कसे

चिपळूण, गुहागर, खेडकडची बरीच मंडळी हल्ली स्वतःची गाडी घेऊन कोइंबतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर जातात. जाण्याआधी आमच्या गॅरेजमध्ये येऊन विचारतात, "सगळ्यात भारी पॅड कोणते?" आम्ही आधी उलट विचारतो, की ही गाडी बाकीचे दिवस कुठे चालते?

वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, आणि तिची सगळी उष्णताच होते. ट्रॅकवर हे दर वळणाआधी घडतं, डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही. कंपनीचे साधे पॅड इतके तापले की त्यातला माल बांधून ठेवणारं रेझिन वायू सोडू लागतं. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही.

म्हणून सरळ रेसिंगचे पॅड घालावेत का? रोजच्या गाडीत अजिबात नाही. ते तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. जुलैच्या सकाळी कुंभार्ली घाटात धुकं आहे, डिस्क ओली आहे आणि वळणावर गुरं आडवी आली, तर पहिलाच ब्रेक लागला पाहिजे. पॅड किती तापमानापासून कितीपर्यंत नीट पकडतो, याचे दोन आकडे पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीत सहसा असतात. सगळे वरचा बघतात. तुम्ही खालचा आधी वाचा. ट्रॅकवर चालवत जाऊन त्याच पॅडवर घरी येणार असाल, तर थंड असतानाही पकडणारे ट्रॅक-डे पॅड घ्या. अस्सल रेसिंग पॅड हवेच असतील तर डिकीत न्या आणि तिथे बदला. फक्त मागच्या चाकांना जास्त पकडीचे पॅड कधीच घालू नका. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती खाऱ्या हवेची. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान जिथे बसतात, तिथल्या पातळ क्लिपखाली गंज फुगतो. नवा पॅड घट्ट जातो म्हणून हातोडीने ठोकला, तर तो मागे सरकत नाही, डिस्कला घासत राहतो आणि ट्रॅकवर पोहोचायच्या आधीच तापतो. आम्ही क्लिप काढून गंज तारेच्या ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करतो आणि कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनना ब्रेकचंच ग्रीस लावतो. पॅड बोटाने ढकलून सरकला पाहिजे. बसवताना समोर उभे राहून बघा, आम्हाला आवडेल.

ब्रेक ऑइलही तितकंच महत्त्वाचं. ते हवेतली ओल शोषतं, आणि कोकणात ओलीला तोटा नाही. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. ऑइल उकळलं की पेडल मऊ होऊन खाली जातं. ट्रॅकला जाण्याआधी ताजं ऑइल भरून एअर काढून घ्या. नुसतं 'डॉट ५' लिहिलेलं सिलिकॉन ऑइल मात्र यात मिसळू नका.

रुळवणं

पॅड बसवले म्हणजे काम झालं, असं नाही. बिडाच्या नव्या तव्यावर तेल मुरल्याशिवाय घावन सुटत नाही, तसंच इथे. पॅडच्या मालाचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसला की मगच खरी पकड येते.

आधी डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. जुनी डिस्क असेल तर आधीच्या पॅडचा थर सँडपेपरने काढा. मग सुमारे १०० च्या वेगावरून ३० पर्यंत, बेताच्या जोराने, आठ-दहा वेळा ब्रेक मारा. चाक लॉक होऊ द्यायचं नाही आणि गाडी पूर्ण थांबवायची नाही. शेवटचे दोन-तीन जरा जोरात. नंतर दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो हात न लावता सावकाश चालवून गार करा. पॅडच्या कंपनीची पद्धत वेगळी असेल तर तीच पाळा.

हे मुंबई-गोवा हायवेवर किंवा घाटात करू नका. मागून ट्रक येत असतो. ट्रॅकवर आयोजकांना सांगून पहिल्या फेऱ्यांत करा.

तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. मग "डिस्क वाकली" म्हणून लोक नवी घेतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर थर कमी-जास्त बसलेला असतो. ब्रेक तापलेले असताना गाडी उभी केलीत तर हँडब्रेक ओढू नका; गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकूड लावा.

पॅडचा माल निम्म्यावर आला असेल तर तो रस्त्याला चालेल, ट्रॅकला नाही. पॅड पातळ झाला की उष्णता थेट पिस्टनमधून ऑइलपर्यंत पोहोचते. दोन सेशनच्या मध्ये चाकाच्या फटीतून टॉर्च मारून जाडी बघत चला, आणि आतल्या बाजूचा पॅड नक्की बघा. स्लाइड पिन अडकली असेल तर सहसा तोच आधी झिजतो.