पाईप बर्फाने नाही, अडकलेल्या पाण्याने फुटतो

डिसेंबर २०१०, लीड्स. ब्रिटनमधल्या १९१० पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात थंड डिसेंबर, आणि आमचा तिथला पहिलाच हिवाळा. पहाटे पाचला थंडीने जाग आली, रेडिएटरला हात लावला तर गार दगड, आणि किचनच्या कपाटातून गुडगुड गुडगुड आवाज येतोय. तिथेच आमचा बॉयलर, म्हणजे गॅसवर पाणी तापवून ते घरभरच्या रेडिएटरमधून फिरवणारं यंत्र. तो पेटायचा, दोन मिनिटं चालायचा आणि परत बंद. घरात दीड वर्षांचं बाळ, मला रडूच यायला लागलं.

खरं तर बॉयलरला काहीच झालं नव्हतं. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवीन गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचेच लावतात. गॅस जळला की पाण्याची वाफ बनते, आणि ती थोडीथोडकी नाही, १ किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. जुने बॉयलर ही वाफ धुरासोबत बाहेर सोडून द्यायचे, नवीन बॉयलर धूर साधारण ५५ अंशांच्या खाली आणतो, मग वाफेचं पाणी होतं आणि ते होताना सुटणारी उष्णता घराला मिळते. डाळीवरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, अगदी तेच. हे थेंब बोटाएवढ्या प्लास्टिकच्या पाईपमधून बाहेर जातात, आणि आमचा पाईप घराबाहेरच्या भिंतीवरून उघडाच गेला होता. थेंब थेंब येणारं पाणी तिथे गोठलं, पाईप तुंबला, पाणी मागे चढलं म्हणून ती गुडगुड, आणि बॉयलर स्वतःला जपायला बंद पडत होता.

आईला साताऱ्याला फोन लावला तर म्हणाली, "अगं मग उकळतं पाणी ओत की त्यावर!"

उकळतं नाही ओतायचं. थंडीने कडक झालेलं प्लास्टिक तडकू शकतं, आणि खाली सांडलेल्या पाण्याचा थोड्या वेळात काचेसारखा बर्फ होतो, त्यावर माणूस आपटतो. मी अंगाला सोसेल इतपत गरम पाणी मगाने ओतत राहिले, पाईपच्या वळणावर शेकायची पिशवी बांधली, आणि चौथ्या-पाचव्या मगाला आतून बर्फाची कांडी सटकन खाली आली. रीसेट दाबलं, बॉयलर पेटला.

शेजारच्या आजोबांचं मात्र फार नुकसान झालं. हीटिंग बंद करून ते नाताळला मुलीकडे गेले होते, परत आले तर छत खाली आलेलं. पाणी गोठलं होतं माळ्यावर, जिथे थंडी सगळ्यात जास्त, पण पाईप फुटला होता बाथरूमच्या नळाजवळ, आणि ह्याचंच मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं, कारण बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात आणि मधे मोकळी जागा राहते. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली ह्यानेच फुटते. पाईपमध्ये मात्र बर्फाला लांबीच्या दिशेने सरकायला जागा असते. तो बुचासारखा वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे ढकलतो, पाणी तर दाबलं जात नाही, म्हणून बूच आणि नळ ह्यांच्या मधल्या पाण्याचा दाब चढतच जातो आणि तिथला कच्चा सांधा जातो. म्हणून कडाक्याच्या रात्री लांबचा नळ बारीक धारेने सोडून ठेवतात. त्याने गोठणं दरवेळी टळतंच असं नाही पण दाबाला वाट मिळते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ह्यावर प्रयोग झालेत, माळ्यावरच्या उघड्या पाईपला धोका बाहेर साधारण उणे ७ अंश झाले की सुरू होतो असं त्यात दिसलं.

आणि फुटल्याचं लगेच कळतही नाही, बर्फाचं बूचच पाणी अडवून धरतं. ऊन पडलं, बर्फ वितळला की धो धो. त्यामुळे नळाला पाणी येईनासं झालं की आधी घराची मेन कॉक बंद करायची, मग नळ उघडायचा आणि नळाच्या बाजूने मागे मागे हेअर ड्रायरने शेकत जायचं, ज्योत अजिबात लावायची नाही. मेन कॉक कुठे आहे ते आजच बघून ठेवा, आणि फिरतेय का तेही, आजोबांची गंजून बसली होती.

आमचा बाहेरचा पाईप प्लंबरने जानेवारीत बदलला, ३२ मिलीमीटरचा, जास्त उताराचा, वरून फोमची नळी चढवलेला.