पुरुषांची उंच उडी (जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा)

जागतिक ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतील एक मैदानी क्रीडाप्रकार. १९८३ मध्ये हेलसिंकी येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हापासून पुरुषांची उंच उडी प्रत्येक वेळी तिचा भाग राहिली आहे. स्पर्धेतील विक्रम २.४१ मीटरचा असून तो युक्रेनच्या बोहदान बोंदारेंकोने २०१३ साली मॉस्कोत केला. विश्वविक्रम त्याहून वरचा, २.४५ मीटरचा आहे. क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरने तो २७ जुलै १९९३ रोजी स्पेनमधील सालामांका येथे केला आणि तीन दशके उलटूनही तो कोणाला मोडता आलेला नाही.

नियम वरवर सोपे आहेत. खेळाडूने एकाच पायावर उसळी घ्यायची. दांडी खाली पडली की प्रयत्न वाया जातो आणि लागोपाठ तीन प्रयत्न वाया गेले की खेळाडू बाद होतो. पात्रता फेरीतून साधारण बारा जण अंतिम फेरीत येतात आणि दांडी टप्प्याटप्प्याने वर चढत जाते. मैदानात एकच जण उरेपर्यंत ती प्रत्येक वेळी किमान दोन सेंटीमीटरने चढवावी लागते. एखादी उंची सोडून थेट पुढच्या उंचीवर उडी मारण्याची मुभा असते आणि स्पर्धेतले खरे डावपेच इथेच असतात. २.३५ मीटरवर एकदा दांडी पाडलेला खेळाडू उरलेले दोन प्रयत्न २.३७ मीटरसाठी राखून ठेवू शकतो. प्रतिस्पर्धी आधीच पुढे असेल, तर २.३५ पार करूनही पहिला क्रमांक मिळणार नसतो. अशा वेळी ही जोखीमच शहाणपणाची ठरते.

दोघांची सर्वोत्तम उंची सारखी असेल, तर आधी त्या उंचीवरचे अपयशी प्रयत्न मोजतात. तेही सारखे निघाले, तर ती उंची पार होईपर्यंतचे स्पर्धेतील सगळे अपयशी प्रयत्न मोजले जातात. हा नियम वाचताना किरकोळ वाटतो, पण या प्रकाराचा इतिहास त्याच्यावरच उभा आहे. २०२५ पर्यंतच्या वीस स्पर्धांपैकी सातमध्ये सुवर्ण आणि रौप्य मिळवणाऱ्यांनी सारखीच उंची पार केली होती (१९८३, १९८७, १९९५, २००७, २००९, २०११ आणि २०२३). रोममध्ये १९८७ साली तर तिघे २.३८ मीटरवर होते. सुवर्ण स्वीडनच्या पात्रिक शोबेरीला मिळाले आणि सोव्हिएत संघाच्या गेन्नादी आवदेयेंको व इगोर पाकलिन यांना रौप्य वाटून देण्यात आले. गटेबोर्गमध्ये १९९५ साली बहामाजच्या ट्रॉय केम्पने २.३७ मीटरवर खुद्द सोतोमायोरला याच हिशेबाने मागे टाकले. म्हणूनच जाणकार प्रेक्षक सुरुवातीच्या सोप्या उंचीवरही श्वास रोखून पाहतो. २.२० मीटरवर निष्काळजीपणे पाडलेली दांडी दोन तासांनी पदक हिरावून घेऊ शकते.

या हिशेबाच्या दोन्ही बाजू रशियाच्या यारोस्लाव रिबाकोवइतक्या क्वचितच कोणी अनुभवल्या असतील. २००१ आणि २००५ मध्ये त्याला रौप्य मिळाले. २००७ साली ओसाकात त्याने बहामाजच्या डोनाल्ड थॉमसइतकीच, २.३५ मीटरची उडी मारली, तरी अपयशी प्रयत्नांमुळे पुन्हा रौप्यच वाट्याला आले. थॉमस मुळात बास्केटबॉलपटू होता आणि उंच उडीकडे वळून त्याला दोनेक वर्षेही झाली नव्हती. दोन वर्षांनी बर्लिनच्या पावसात चौघे जण २.३२ मीटरवर थांबले. या वेळी पारडे रिबाकोवच्या बाजूने झुकले आणि त्याला जागतिक सुवर्ण मिळाले.

अपयशी प्रयत्नही सारखेच भरले आणि प्रश्न पहिल्या क्रमांकाचा असला, तर निर्णायक उड्या होतात. बीजिंगमध्ये २०१५ साली कॅनडाचा डेरेक ड्रुइन, बोंदारेंको आणि चीनचा झांग ग्वोवेई २.३३ मीटरवर सर्वार्थाने बरोबरीत होते. निर्णायक फेरीत २.३६ मीटरवर तिघेही अपयशी ठरले, दांडी २.३४ मीटरवर उतरवली गेली आणि ती फक्त ड्रुइनने ओलांडली. निर्णायक उड्या न मारता सुवर्ण वाटून घेण्याचा पर्याय खेळाडूंना असतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली कतारचा मुताज बारशिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी यांनी तो स्वीकारला. दोघेही घोट्याच्या गंभीर दुखापतीतून सावरून आले होते, त्यामुळे त्यांचा निर्णय मनाला भिडतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र २०२४ साली न्यूझीलंडचा हेमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवेन उड्या मारत राहिले आणि केर जिंकला. दोन्ही निर्णय खेळाडूवृत्तीला धरूनच आहेत.

तंत्राच्या बाबतीत सगळे पदकविजेते फॉस्बरी फ्लॉपवरच, म्हणजे दांडीकडे पाठ करून उताणे पार होण्याच्या तंत्रावरच, भिस्त ठेवतात. अमेरिकेच्या डिक फॉस्बरीने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर पार करून हे तंत्र जगापुढे आणले. शेवटची काही पावले वळणावर पडत असल्यामुळे शरीर आतल्या बाजूला कलते आणि उसळी घेताना धावेचा वेग वरच्या दिशेला वळतो. पाठीची कमान झाल्याने एकेक अवयव पाळीपाळीने दांडीवरून जातो, त्यामुळे शरीराचा गुरुत्वमध्य दांडीच्या खालून जाऊनही उडी यशस्वी होऊ शकते.

अलीकडच्या काळावर बारशिमची छाप आहे. २०१७, २०१९ आणि २०२२ अशी सलग तीन सुवर्णपदके त्याच्या नावावर आहेत. यूजीनमध्ये २०२२ साली त्याने २.३७ मीटरपर्यंतची प्रत्येक उंची पहिल्याच प्रयत्नात पार केली, म्हणजे अपयशाच्या मोजणीला वावच ठेवला नाही. २०२३ मध्ये बुडापेस्टला ताम्बेरीने अमेरिकेच्या जुव्हॉन हॅरिसनला २.३६ मीटरवर मागे टाकले. २०२५ मध्ये टोकियोत केरने तेवढीच उंची गाठून सुवर्ण जिंकले, तर दक्षिण कोरियाचा वू संग-ह्योक २.३४ मीटरसह दुसरा आला. याच अंतिम फेरीत भारताच्या सर्वेश कुशारेने २.२८ मीटर ही स्वतःची सर्वोत्तम कामगिरी करत सहावा क्रमांक मिळवला. जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला.