पार्श्वभूमी : हामेद सिन्नो यांच्या मैफली नेमक्या कुणी थांबवल्या?

हामेद सिन्नो यांच्याबद्दल लिहिताना ‘उघडपणे समलिंगी असलेला अरब रॉकगायक’ ही या लेबनीज गायकाची ओळख सगळ्यात आधी येते. ती खरी आहे, पण तिच्यामुळे असा समज होतो की त्यांच्याविरुद्धची कारवाईही तितकीच उघड झाली असेल. तसे घडले नाही. समलिंगी असल्याबद्दल त्यांच्यावर खटला चालला नाही. 2016 ते 2019 या काळात त्यांच्या ‘मश्रू लैला’ बँडची वाट अडवणाऱ्यांनी कधी पुरातत्त्वाचे कारण दिले, कधी धर्माचे, तर कधी सुरक्षेचे.

बँड 2008 मध्ये बेरूतच्या अमेरिकन विद्यापीठात उभा राहिला. वास्तुकला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी रात्री जागून चालवलेली ती संगीत कार्यशाळा होती. सुरुवातीला सात जण होते. 1988 मध्ये जन्मलेले सिन्नो त्यांतले ग्राफिक डिझाइनचे विद्यार्थी. रॉकमध्ये लीड गिटारला असते ती जागा इथे व्हायोलिनला होती आणि गाणी प्रमाण अरबीत नव्हे, तर बेरूतच्या बोलीत. डिसेंबर 2009 मध्ये पहिला अल्बम आला. त्याचा कार्यक्रम बेरूतजवळच्या बुर्ज हम्मूदमधल्या एका पोलाद कारखान्यात झाला.

या अल्बममधल्या ‘शिम अल यासमीन’ या गाण्याकडे थोडे बारकाईने पाहायला हवे. अरबी प्रेमगीतात प्रिय व्यक्तीला पुल्लिंगी संबोधण्याची परंपरा जुनी आहे. समोर स्त्री असली तरी गायक पुल्लिंगीच वापरतो. त्यामुळे पुरुषाने पुरुषाला उद्देशून गायले, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ऐकणाऱ्याला कानाडोळा करायला वाव राहतो. या गाण्यात तो वाव उरत नाही. सोडून गेलेल्या प्रियकराला गाणारा सांगतो की तुला घरच्यांना भेटवायचे होते, तुझा स्वयंपाक करायचा होता, तुझ्या घरची बाई व्हायचे होते. गाण्यात घोषणा नाही की झेंडा नाही, आहे ते फक्त घरकाम. तरीही पुढच्या दहा वर्षांत वादात सापडली ती दुसरीच गाणी.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. 2013 चा अल्बम कोणत्याही कंपनीच्या पैशावर निघाला नाही. चाहत्यांनी 65 हजार डॉलरच्या वर वर्गणी जमवली आणि ध्वनिमुद्रण मॉन्ट्रियलला झाले. पुढचा अल्बम नोव्हेंबर 2015 मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये सादर झाला. रात्र, नाइटक्लब आणि मृत्यू हे त्याचे विषय. बंदीची मालिका त्यानंतर सुरू होते.

29 एप्रिल 2016 ला जॉर्डनची राजधानी अम्मानच्या प्राचीन रोमन नाट्यगृहात कार्यक्रम ठरला होता. तीन दिवस आधी परवानगी नाकारली गेली. लेखी कारण असे की हा कार्यक्रम त्या वास्तूच्या अस्सलपणाशी विसंगत आहे. जॉर्डनमध्ये या बँडचे कार्यक्रम आधीही झाले होते, तेव्हा वास्तूला धक्का लागल्याचे कुणाला आढळले नव्हते. गाजावाजा झाल्यावर बंदी मागे घेतली गेली, पण उघड्या नाट्यगृहात मंच, ध्वनियंत्रणा आणि प्रवास यांची जुळवाजुळव करायला वेळच उरला नव्हता. त्यामुळे रद्द झालेली बंदीही बंदीचेच काम करून गेली. 2017 मध्ये पुन्हा तेच: आधी परवानगी, मग खासदारांची ओरड, मग नकार. जॉर्डनच्या दंडसंहितेत समलिंगी संबंध 1951 पासून गुन्हा नाही. कदाचित म्हणूनच कारण दगडांत शोधावे लागले.

इजिप्तमध्ये मोठ्या मैफलीला गायक-वादकांच्या संघाची परवानगी, कलाकृती तपासणाऱ्या विभागाचा होकार आणि सुरक्षा यंत्रणेची संमती, असे तीन अडथळे पार करावे लागतात. 22 सप्टेंबर 2017 च्या कैरोतल्या कार्यक्रमाकडे हे सारे होते. हजारोंच्या गर्दीत काही जणांनी समलिंगी समुदायाचे इंद्रधनुषी झेंडे उंचावले. त्यांची छायाचित्रे फिरली आणि धरपकड सुरू झाली. संघाने बँडवर बंदी घातली आणि इथे भाषा आडवळणाची नव्हती. पण तुरुंगात गेले ते श्रोते, आणि ज्यांचा मैफलीशी संबंधही नव्हता असे कित्येक जण. हत्यार होते 1961 चा वेश्याव्यवसायविरोधी कायदा, त्यातले ‘बदफैली’चे कलम. झेंडा उंचावणाऱ्या एका समाजवादी कार्यकर्तीने तीन महिने कोठडीत काढले. सुटल्यावर ती कॅनडाला गेली आणि जून 2020 मध्ये तिने आयुष्य संपवले.

लेबनॉनमधल्या बिब्लोस महोत्सवाचा निर्णय मात्र सगळ्यांत गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे सरकारने बंदी घातलीच नाही. 9 ऑगस्ट 2019 ची मैफल 30 जुलैला महोत्सवाच्या आयोजकांनी स्वतः रद्द केली. रक्तपात टळावा आणि सुरक्षितता राखावी, असे कारण दिले. त्याआधीचा आठवडा पाहिल्याशिवाय हे वाक्य समजत नाही. मॅरोनाइट या लेबनॉनमधल्या ख्रिस्ती पंथाच्या स्थानिक धर्मपीठाने गाणी ख्रिस्ती श्रद्धांचा अवमान करतात असे निवेदन काढले. आक्षेप मुख्यतः दोन गाण्यांवर होता. त्यांतल्या एकात ‘जिन’ हे मद्य आणि अरबी ‘जिन्न’ यांच्या श्लेषात ‘पिता आणि पुत्र यांच्या नावाने’ हे शब्द येतात. शिवाय सिन्नो यांनी पूर्वी शेअर केलेला एक लेख उकरून काढला गेला. त्यासोबतच्या चित्रात मेरीमातेच्या जागी एका पॉपगायिकेचा चेहरा होता. सदस्यांची तासन्‌तास चौकशी झाली, पण आरोप न ठेवता त्यांना सोडण्यात आले. तोवर समाजमाध्यमांवर उघड धमक्या सुरू झाल्या होत्या.

आयोजकांची बाजू समजण्यासारखी आहे. हजारो लोक जमणार, धमक्या खऱ्या, आणि संरक्षणाची हमी नाही. पण धमकी देणाऱ्यांवर कारवाई करायची की गाणाऱ्याला घरी बसवायचे, यांतला दुसरा पर्याय निवडला गेला. ज्या अल्बममधले गाणे आक्षेपार्ह ठरले तो 2015 चा होता, आणि 2016 मध्ये हाच बँड याच महोत्सवात गाऊन गेला होता. गाणी बदलली नव्हती. ती हेरणारे नवे होते. शिवाय निर्णय खासगी असल्याने त्याला बंदी म्हणून आव्हान देणेही अवघड. 9 ऑगस्टलाच बेरूतमध्ये इतर कलाकारांनी निषेधाची मैफल भरवली.

लेबनॉनकडे कलम नव्हते असे नाही. दंडसंहितेचे कलम 534 ‘निसर्गाविरुद्ध’ संभोगाला एक वर्षापर्यंत कैद सांगते. आपल्या पूर्वीच्या कलम 377 सारखाच हा परक्या सत्तेचा वारसा, फक्त इंग्रजांऐवजी फ्रेंचांचा. 2009 पासून काही न्यायाधीशांनी ते समलिंगी संबंधांना लागू होत नाही असे निकाल दिले. जुलै 2018 मध्ये एका अपील न्यायालयानेही तेच म्हटले, म्हणजे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबरमधल्या निकालाच्या दोन महिने आधी. कलम मात्र पुस्तकात कायम राहिले. डळमळीत कलमाखाली खटला भरून हरण्यापेक्षा धर्मभावनेची तक्रार सोपी पडते.

बिब्लोसनंतर बँड सावरला नाही. ऑक्टोबर 2019 पासून देशात आंदोलन, मग बँका कोसळल्या, साथ आली, ऑगस्ट 2020 चा बंदरातला स्फोट झाला. जून 2022 मध्ये लेबनॉनच्या गृह खात्याने ‘लैंगिक विकृतीचा प्रसार’ करणारे मेळावे रोखण्याचे आदेश दिले. या वेळी वास्तू किंवा रक्तपात यांची आड घेतली नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिन्नो यांनी बँड थांबल्याचे सांगितले. त्यांचे नंतरचे काम मुख्यतः अमेरिकेत, एकल आणि रंगमंचीय स्वरूपाचे आहे.