बोलून चालणारे हीटर : घेण्याआधी वाचा

मुलाकडे कॅनडाला राहून आलेले काका दर डिसेंबरात दुकानात येऊन विचारतात, "तिकडे नुसतं बोललं की वरची खोली गरम आणि खालची तशीच. आपल्या घरी का नाही होत?"

होतं, पण निराळ्या तऱ्हेने. तिकडे तळघरात बॉयलर किंवा भट्टी असते. गरम पाणी किंवा हवा नळ्यांतून घरभर फिरते, आणि घराच्या एकेका भागाकडे जाणाऱ्या नळीवर आपोआप उघडमीट करणारा व्हॉल्व्ह बसवता येतो. भिंतीवरचा थर्मोस्टॅट त्या भागाचं तापमान बघून व्हॉल्व्ह चालवतो. आपलं बोलणं ऐकणारे अलेक्सा किंवा गूगल असिस्टंट फक्त थर्मोस्टॅटला आकडा कळवतात.

आपल्याकडे त्या नळ्याच नाहीत. ग्वाल्हेरची कडक थंडी दीड-दोन महिन्यांची. पण जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो आणि इथल्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती एकदा गारठल्या की लवकर ऊन होत नाहीत. म्हणून अख्खं घर तापवायच्या फंदात पडू नका, माणूस बसतो तेवढी खोली तापवा. आमच्या हिशेबात एक 'झोन' म्हणजे एक खोली, एक हीटर, एक स्मार्ट प्लग (वायफायवरून चालू-बंद करता येणारा) आणि जमलं तर तापमान सांगणारा एक सेन्सर.

आधी वायर, मग आवाज

२००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, आणि तोही तासन्‌तास. त्याला १६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग हवा. दिव्यासाठी मिळणारा स्वस्त प्लग लावलात तर तो वितळू शकतो. पॉइंटपर्यंत अडीच एमएमची तांब्याची वायर आणि नीट अर्थिंग असल्याशिवाय आम्ही काम हातात घेत नाही. यावर घासाघीस नको.

तीन खोल्यांत तीन हीटर आणि वर गीझर, असं सगळं एकदम लागलं तर ८ किलोवॅट, म्हणजे सुमारे ३५ अँपिअर. तुमच्या घराचा मंजूर लोड किती आहे ते बिलावर छापलेलं असतं, एकदा बघून घ्या. कमी असेल तर आम्ही अशी जोडणी करतो की गीझर लागला की बैठकीतला हीटर आपसूक बंद होतो. सकाळच्या अर्ध्या तासात कुणाच्या लक्षातही येत नाही.

कोणता हीटर चालेल?

तेल भरलेला, गोल नॉब फिरवायचा आणि कलंडला तर आपोआप बंद होणारा. नवीन टच बटणवाले दिसायला झकास, पण प्लगने वीज दिली तरी बटण दाबेपर्यंत ते ढिम्म राहतात. घरच्या घरी परीक्षा करा : हीटर चालू ठेवा, भिंतीवरचा खटका बंद करा, पुन्हा लावा. स्वतःहून तापायला लागला तर चालेल.

लाल तारेचा हीटर, ब्लोअर आणि बादलीतला रॉड आम्ही आवाजावर जोडत नाही. दुसऱ्या खोलीतून हुकूम सोडणाऱ्याला हीटरवर ओली बंडी वाळत घातलेली दिसत नसते. कोळशाची शेगडी बंद खोलीत तर कधीच नको, तिच्या धुरातला विषारी वायू वासानेही कळत नाही.

किती अंश?

प्लगला तापमान कळत नाही, त्याला फक्त चालू आणि बंद एवढंच ठाऊक. सेन्सर असेल तर १८ अंशांना लागायचं, २० ला थांबायचं अशी सोय करता येते. थंड हवामानात घरात किमान १८ अंश असावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची शिफारस आहे. वयस्कर माणसांच्या खोलीत थोडं जास्त ठेवा. सेन्सर हीटरशेजारी किंवा बाहेरच्या भिंतीवर नको, पलंगाच्या उंचीवर आतल्या भिंतीला हवा.

१५ लिटरच्या गीझरला दहा अंशांचं पाणी पंचावन्नवर न्यायला साधारण २५ मिनिटं आणि पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. झोपताना उद्याची वेळ सांगून ठेवा, रात्रभर चालू ठेवण्यात अर्थ नाही.

खोलीला नाव काय द्यायचं

सगळ्यात जास्त तक्रारी इथे येतात. अलेक्साशी आपण बोलतो हिंदीत (ती सोय २०१९ पासून आहे) आणि खोल्यांना नावं देतो मराठीत. 'माजघर' म्हटलं की ती गोंधळते. 'आईची खोली' आणि 'आजीची खोली' अशी जोडी तर ठेवूच नका, एकीच्या वाट्याची ऊब दुसरीला जाते. 'बैठक', 'पूजा', 'ऊपर' अशी छोटी, एकमेकींपासून लांबची नावं ठेवा.

वायफाय आणि वीज

बहुतेक प्लग २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवरच चालतात, आणि दोन फुटी दगडी भिंत ते अडवते. वाड्यांत बहुधा मधल्या चौकात दुसरा राउटर बसवावा लागतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, हीटर मात्र कधीच नाही.

वीज जाऊन आल्यावर प्लग बंदच राहील, असं आम्ही मुद्दाम लावून देतो. रिकाम्या घरात हीटर आपोआप सुरू व्हायला नको. इंटरनेट गेलं तर आवाज चालणार नाही, पण प्लगवरचं बटण चालतं. एका घरच्या आजी आजही तेच दाबतात, आणि त्यांचं काही अडत नाही.

पहिल्या भेटीत आम्ही मीटर, एमसीबी (जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा खटका) आणि अर्थिंग तपासतो. त्याचे पैसे घेत नाही. तोवर बाजारातून किंवा ऑनलाइन काही मागवू नका.