पांढऱ्या डोळ्यांचा नायक : एका वादाची पार्श्वभूमी

ठाण्यातली काही तरुण चित्रकार मंडळी सध्या एक मराठी सुपरहिरो घडवताहेत. नायक चेंदणी कोळीवाड्यातला, वावर ठाण्याच्या खाडीत, पार ऐरोलीपर्यंत. कथा पक्की झाली आहे, पोशाखही ठरला आहे. घोडं अडलंय ते डोळ्यांवर. मुखवट्याच्या फटीत बुबुळं काढायची की जागा कोरी पांढरी सोडायची? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण नायक कणखर दिसणार की नुसताच चिडलेला, हे बऱ्याच अंशी या एवढ्याशा जागेत ठरतं.

कोऱ्या डोळ्यांची सुरुवात वेताळापासून, म्हणजे चित्रकथांतल्या ‘फँटम’पासून, धरतात. फेब्रुवारी १९३६मध्ये तो अमेरिकी वृत्तपत्रांत आला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दाखवणारा मुखवटा यांची सांगड त्याच्यापासून रूढ झाली. ग्रीक अर्धपुतळ्यांचे रिकामे डोळे पाहून ही कल्पना सुचल्याचं त्याच्या निर्मात्याने पुढे सांगितलं होतं. १९३८चा सुपरमॅन उघड्या चेहऱ्याचा होता. त्याचा पोशाख सर्कशीतल्या ताकदवान मल्लांवरून घेतलेला. १९३९च्या बॅटमॅनचा पहिला आराखडा मात्र लाल पोशाखाचा, डोळ्यांपुरत्या छोट्या मुखवट्याचा होता. सहकारी लेखकाने सुचवलं, रंग करडा करा, डोकं पूर्ण झाका आणि डोळ्यांच्या जागी नुसत्या फटी ठेवा, म्हणजे गूढ वाढेल. आपण ओळखतो तो बॅटमॅन या सूचनेतून झाला.

त्या काळच्या छपाईचाही विचार करायला हवा. स्वस्त कागदावर शाई पसरते. अंगठ्याएवढ्या चेहऱ्यात बारीक बुबुळ काढलं तर भोवतालची पांढरी जागा भरून जाते आणि डोळ्याच्या जागी काळा ठिपका उरतो. कोरी फट मात्र लहान चौकटीतही लांबून वाचता येते.

मराठी वाचकापर्यंत वेताळ आला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. १९६४ साली ही मालिका सुरू झाली आणि १९९०मध्ये बंद पडली. सुरुवातीच्या काही अंकांत वेताळाचा पोशाख निळा छापला गेला, जांभळा नंतर आला. त्याच्या देशाचं बेंगाली हे नावही आपल्याकडे बदलून डेंकाली करण्यात आलं. वृत्तपत्रातल्या आडव्या पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी कापल्या जात, त्यामुळे कधी कधी आकृतीचे पाय किंवा मागची जागा उडायची.

या मालिकेने नकळत दोन वेताळ शेजारी शेजारी ठेवले आणि आजच्या वादाचं उत्तर मला तिथेच दिसतं. १९६१च्या आधीच्या काही वर्षांतला वेताळ साध्या, गोलसर रेषेचा होता: सपाट छाती, बाहुल्यासारखे हात, सावली जवळजवळ नाहीच. १९६१मध्ये नवा चित्रकार आला आणि पुढे तीस वर्षांहून अधिक काळ त्याने ही पट्टी काढली. त्याच्या हाती आल्यावर मान जाड झाली, खांद्याचा स्नायू कानाखालून तिरका उतरू लागला, अर्धं शरीर ठोस काळ्या सावलीत गेलं. जबड्यावर गुद्दा बसून कवटीची खूण उमटते ती चौकट दोघांच्या चित्रांत ताडून पाहावी. पहिल्याच्या चित्रात हात पुढे आलेला असतो. दुसऱ्याच्या चित्रात मागचा पाय जमिनीत रुतलेला, कंबर वळलेली आणि त्या वळणातून खांदा आलेला असतो. डोळे मात्र दोन्हीकडे तसेच, कोरे. म्हणजे धाक डोळ्यांतून येत नव्हता. डोळे काही सांगत नाहीत म्हटल्यावर सगळी भिस्त शरीरावर येते, आणि दुसऱ्या चित्रकाराने ती पेलली.

उलट बाजूही पोकळ नाही. १९७६मध्ये इंद्रजालमध्येच आलेला बहादूर कुर्ता-जीन्सवर, उघड्या चेहऱ्याने डाकूंशी लढायचा. पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्स या प्रकाशनाचे नागराज आणि ध्रुव हे नायक आले, तेही उघड्या चेहऱ्याचे. नजर कुठे वळली आहे हे दिसलं की वाचक नायकाबरोबर विचार करतो, असं बुबुळांच्या बाजूचे लोक म्हणतात, आणि संवादाच्या पानांपुरतं ते खरं आहे. पण त्याच प्रकाशनाचा डोगा, मुंबईच्या गल्लीबोळांत वावरणारा, सगळा चेहरा कुत्र्याच्या मुखवट्याखाली झाकून आला आणि नव्वदच्या दशकातल्या ठाण्या-मुंबईच्या पोरांना तोच सगळ्यांत टफ वाटला. त्याचं अंग जिममध्ये कमावलेलं होतं, आणि चित्रकाराने छाती-दंडांवर मेहनत घेतली होती.

नव्वदच्या दशकात अमेरिकी कॉमिक्समध्ये या कणखरपणाचा अतिरेक झाला. आवळलेले दात, चेहराभर रेघा, अंगभर अडकवलेल्या छोट्या पिशव्या, डोक्यापेक्षा मोठे दंड आणि धुरात लपवलेली पावलं. सर्वसाधारण माणूस साडेसात डोक्यांच्या उंचीचा धरतात, नायक पावणेनऊपर्यंत नेतात. इथे ते मापही सुटलं. ही चित्रं गिरवत शिकलेल्यांचे नायक आजही तरंगल्यासारखे उभे राहतात, कारण पावलांवर वजनच नसतं.

सिनेमाने गुंता वाढवला. पडद्यावरच्या बॅटमॅनला नटाचे डोळे दाखवावेच लागतात, म्हणून भोवती काळा रंग फासतात. स्पायडरमॅनच्या पांढऱ्या भिंगांना २०१६पासून पडद्यावर उघडझाप आली. कॉमिक्सचे चित्रकार हे आधीपासूनच करत होते: मुखवटा कापडाचा असला तरी फटीची वरची कड नाकाकडे उतरवली की राग, सरळ ठेवली की थंडपणा, बाहेरचं टोक खाली आलं की थकवा. वाचक हे बिनतक्रार मान्य करतो. आता टॅबलेटवर काढणारी मुलं सिनेमाची स्थिरचित्रं खाली ठेवून गिरवतात आणि नटाचे डोळे आपसूक आत येतात. ठाण्यातला बुबुळांचा आग्रह मला बराचसा तिथून आलेला वाटतो.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीत वस्तुचित्र होतं, संकल्पचित्र होतं. शरीररचना तिथे शिकवत नाहीत. त्यामुळे आपल्या मुलांचा हात चेहऱ्यावर आधी बसतो, पाठीवर उशिरा. खाडीवरच्या या नायकाच्या बाबतीत तर पाठच महत्त्वाची. वल्हं मारणाऱ्या, जाळं ओढणाऱ्या माणसाची ताकद छातीत दिसत नाही. ती पाठीच्या पंखांत, म्हणजे काखेखालच्या रुंद स्नायूंत, मनगटाच्या वरच्या भागात आणि होडीत तोल धरणाऱ्या पोटऱ्यांत असते. कच्च्या रेखाटनांत एक चौकट फार चांगली उतरली आहे: नायक पाठमोरा, दोर खेचतोय, मान खांद्यांत गेलेली, आणि कोपरापासून मनगटापर्यंत ब्रशच्या तीन जाड फटकाऱ्यांत सगळा ताण. तिथे चेहराच नाही.

गटाने एकाच पानाच्या दोन प्रती केल्या आहेत, एक बुबुळांसह आणि एक कोरी. दोन्ही छापील आकारात लहान करून पाहायच्या असं ठरलं आहे. बाकीची पानं अजून पेन्सिलीत आहेत आणि निर्णय होईपर्यंत त्यांच्यावर शाई चढणार नाही.